कंपनीचा रंग

घरातली शेवटची पेन्सिल ज्ञानेश्वरला पिठाच्या डब्यामागे सापडली. बोटभर उरलेली, मागचं टोक दातांनी चावलेलं. ती त्याने आधी बायकोसमोर, सुचितासमोर धरली आणि मग आठ वर्षांच्या अपेक्षाकडे वळला.

"हे काय हाये व?"

"पेन्सिल," अपेक्षा म्हणाली.

"ते मलेबी दिसून राह्यलं. घरात एकबी पेन्सिल नाही पायजे, असं सांगतलं होतं का नाही तुले? कोणं चावली हे?"

"म्याच चावली, पप्पा. शिवमनं नाही."

त्याने तिच्या गालावर एक चापट मारली. चापट काही मोठी नव्हती, पण त्याने पोरीवर हात उचलला तो पहिल्यांदाच. त्यामुळे तिला रडायचंही सुचलं नाही. ती आईकडे पाहत राहिली आणि सुचिता पोळीच्या तव्याकडे. अडीच वर्षांचा शिवम त्याच्या नेहमीच्या जागी होता. जळगाव जामोदच्या रस्त्याकडे उघडणारी खिडकी, तिच्या लाकडी चौकटीवर हनुवटी, दोन्ही मुठींत दोन गज. एस.टी. गेली की तो चौकटीला दात लावून आनंदाने हुंकारायचा. त्याच्याकडे त्या घटकेला कुणाचंच लक्ष नव्हतं.

शिवमचं पोट उन्हाळ्यापासून दुखत होतं. खाणं सुटलं, रंग पांढुरका पडला, शौचाला होईना. गावातल्या डॉक्टरने आधी जंताचं औषध दिलं, मग लोहाचं. तेवढ्याने भागेना, तेव्हा ज्ञानेश्वर त्याला अकोल्याला घेऊन गेला. तिथल्या दवाखान्यात रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला त्या दिवशी बाहेर बाकावर इतकी गर्दी होती की, डॉक्टरांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "पोराच्या रक्तात शिसं जास्त आलंय. शिशापासून लांब ठेवा. काही तोंडात घालू देऊ नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

शिसं म्हणजे काय, हे विचारायची सुचिताला गरज वाटली नाही. ज्ञानेश्वरलाही नाही. शिसं म्हणजे शिसपेन्सिलीतलं. हे शाळेची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

ज्ञानेश्वर कृषी केंद्रात कामाला होता. तिथल्या फवारणीच्या औषधांच्या डब्यांवर लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण असतात आणि कोणत्या त्रिकोणाला किती भ्यायचं ते त्याला पाठ होतं. दुकानातून आल्यावर तो अंगणातच हातपाय धुऊन कपडे बदलायचा. पोराच्या दुखण्याचं कारण दुकानातून आलेलं नाही, ते पेन्सिलीत आहे, हे कळल्यावर त्याला मनातून हायसं वाटलं होतं. म्हणून तर तो पेन्सिलींच्या मागे असा हात धुऊन लागला होता.

तिसरीतल्या अपेक्षाने मग पेनने लिहायला सुरुवात केली. पेनचं लिहिलेलं खोडता येत नाही. चुकलं की काट मारावी लागते आणि बाईंना काटाकाट आवडत नव्हती. त्यामुळे ती उत्तर लिहायच्या आधी फार वेळ नुसती बसून राहू लागली. बाईंनी सुचिताला बोलावून सांगितलं, पोरगी मंद होत चाललीय. सुचिताने मान हलवली. घरी पेन्सिल ठेवता येत नाही, हे बाईंना सांगायची तिला लाज वाटली.

तीन महिन्यांनी शिवमचा आकडा वाढलेला निघाला.

या खेपेला त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या, वयस्क डॉक्टर होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "घरात काय काय बदल केले तुम्ही, ताई?"

"सगळ्या पेन्सिली काढल्या," सुचिता म्हणाली. "मोठीच्या दप्तरातल्याबी. एक नाही ठेवली."

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग त्यांनी हळू विचारलं, "पेन्सिली कशासाठी?"

"शिसं असते ना त्याच्यात."

"नसतं, ताई. नाव तेवढं शिसपेन्सिल. आत असतं ते ग्रॅफाइट. कोळशाच्या जातीचं. ते खाल्लं तरी रक्तात शिसं जात नाही." त्यांनी शिवमचं बोट हातात धरलं, नख पाहिलं. "शिसं हा धातू आहे. जुन्या नळांत असतो, बॅटरीत असतो. पूर्वी ऑइलपेंटमध्ये घालायचे. घर कसं आहे तुमचं? जुनं? रंगाचे पापुद्रे निघतात?"

सुचिताच्या डोळ्यांसमोर खिडकी आली. खिडकीच्या चौकटीवर शिवमच्या दातांच्या खुणा होत्या. महिनाभरापूर्वी तिनेच त्या ज्ञानेश्वरला दाखवल्या होत्या. "पाहा, उंदरावानी कुरतडून राह्यला," असं म्हणून दोघं हसले होते.

परतीच्या गाडीने शेगावला बराच थांबा घेतला. तिथे तिने पेन्सिलींची एक पेटी घेतली. घरी आल्यावर अपेक्षाला जवळ बसवून तिने सगळं सांगितलं. पेन्सिलीत काही नव्हतं, तुझा काही दोष नव्हता, आम्हीच चुकलो. ज्ञानेश्वर दारात बसून ऐकत होता. "या हातानं मारलं तिले मी," तो कुणाकडेही न पाहता म्हणाला. अपेक्षाने पेटी उघडून पाहिली आणि बंद केली. "आता पेननंच बरं पडते मले," ती म्हणाली. त्या दोघांना यापेक्षा मोठी शिक्षा तिला करता आली नसती, आणि ती करतेय हे तिला ठाऊकही नव्हतं.

ते राहत होते त्या ओळीला गावात 'जिनच्या खोल्या' म्हणत. कापसाची जिनिंग फॅक्टरी चालू होती तेव्हा कंपनीने कामगारांसाठी बांधलेल्या पाच खोल्या. फॅक्टरी बंद पडल्यावर तिथले जुने फिटर तुळशीराम यांनी त्या विकत घेतल्या आणि भाड्याने दिल्या. कंपनी दर दिवाळीला दारं-खिडक्यांना ऑइलपेंट द्यायची आणि भिंतींनाही कंबरेइतका पट्टा मारायची, हाताचे डाग पडू नयेत म्हणून. तो रंग तुळशीरामांचा अभिमान होता.

"कंपनीचा रंग हाये हा," भाडेकरू आला की ते दारावर टिचकी मारून सांगत. "आताच्या रंगाले असा दम नाही. दोन पावसाळे झाले का उडाला. हा पाय, चाळीस वर्षं झाले."

दम कशाचा होता, ते आता डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. सुचिताने खिडकीचा एक पापुद्रा नखाने सोडवून उजेडात धरला. कडेला थर दिसत होते. वर हिरवा, त्याखाली निळा, मग पिवळा, आणि गजाच्या लोखंडाला चिकटून शेंदरी. तिने पापुद्र्याला जीभ लावून पाहिली. किंचित गोड लागला. तिने चूळ भरली, पुन्हा भरली, आणि मग बराच वेळ मोरीपाशी उभी राहिली.

डॉक्टरबाईंनी पापुद्रे तपासायला पाठवले. जे यायचं तेच आलं. त्यांनी आरोग्य खात्यात फोन केला आणि एका दुपारी निरीक्षक महामाया मॅडम स्कूटीवरून आल्या. पस्तिशीची, उन्हाने रापलेली बाई. डेंग्यूच्या अळ्या, तुंबलेल्या नाल्या, हॉटेलांचं पाणी ही त्यांची रोजची कामं. त्यांनी खोली पाहिली, खिडकी पाहिली, शिवमला उचलून घेतलं. त्याने त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी तोंडात घातली.

"रंगाचा नियम आहे ना, मॅडम?" सुचिताने विचारलं. "डॉक्टरबाई म्हणत होत्या."

"आहे. काही वर्षांपूर्वीच आला. रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे नव्वद भाग, त्याच्या वर नको. तुमच्या खिडकीचे हजारोंच्या घरात आलेत."

"मंग?"

महामाया मॅडमनी शिवमला खाली ठेवलं. "तो नियम डब्याचा आहे, ताई. रंग बनवणाऱ्यावर आहे, विकणाऱ्यावर आहे. डबा उघडून भिंतीले लागला का नियम संपला. जुन्या भिंतीवर काय बसलंय, ते कोणं काढायचं, कसं काढायचं, भाडेकरूले सांगायचं का नाही, याच्याबद्दल एक ओळ नाही. मी रात्री बसून पाह्यलं."

"तुम्ही नोटीस तं काढू शकता ना?"

"कोणत्या कलमाखाली काढू? भिंत पडायले आली असती तं धोकादायक म्हणून काढली असती." त्यांनी तळहाताने भिंत थोपटली. "हे भिंत तं पडत नाही."

शेजारच्या खोलीतल्या मंजुळाबाई नातीला कडेवर घेऊन दारात उभ्या होत्या. आठ-नऊ महिन्यांची नात, अंगठा तोंडात. "काय झालं व सुचिता? साहेबीण काऊन आली?"

"रंगात विष हाये, मावशी. या खिडकीच्या."

"बाप्पा! माह्या तीन लेकी याच खोल्यायत वाढल्या. कोणाले काय झालं?" त्या हसल्या. "आता पोट्ट्याले भूक नाही लागली तं त्याचा दोष दारं-खिडक्यायले."

जाताना महामाया मॅडम ओळीच्या टोकाला तुळशीरामांच्या घरी थांबल्या. लेखी काही देता येत नव्हतं, म्हणून त्या तोंडीच बोलल्या. मनापासून, हात जोडून. सुचिता मागे उभी राहून ऐकत होती. "काका, लहान लेकरं आहेत. तो जुना रंग काढून टाका. तुमचेच भाडेकरू आहेत, तुमचीच नातवंडं समजा."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. सरकारी बाई आपल्या दाराशी, सगळी ओळ बघतेय. "मॅडम, मी कोणाचं वाईट नाही केलं आजलोक," ते म्हणाले. "सांगतलं तं करीन."

आणि त्यांनी केलं.

दिवाळीला सुचिता पोरांना घेऊन वरवट बकालला माहेरी गेली. आईकडचं घर मातीचं, शेणाने सारवलेलं, रंग कसलाच नाही. तिथे शिवम थोडं खाऊ लागला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली, तेव्हा खोलीचं दार, चौकट, गज, भिंतीचा पट्टा सगळं उघडं पडलं होतं. लाकूड पांढरं, लोखंड चकचकीत. तुळशीराम दारात वाट पाहत होते. डोक्यावरच्या टोपीवर हिरवट भुकटी, भुवयांवर भुकटी.

"पाय पोरी! चार दिवस माणसं लावून पॉलिश पेपर मारला. ज्ञानेश्वरनं चावी देल्ली होती. एक कण नाही ठेवला. पाचबी खोल्यायचं केलं. आता मॅडमले सांग, म्हाताऱ्यानं ऐकलं म्हणा."

ज्ञानेश्वर सणाच्या गर्दीत दुकानातच अडकला होता. रात्री येऊन मागच्या अंगणात खाट टाकायचा. रंग निघतोय म्हणून त्याला बरंच वाटलं होतं.

आत गाद्यांवर, दांडीवरच्या कपड्यांवर, माठाच्या झाकणावर, मिठाच्या बरणीवर, पाळण्याच्या दोरीवर पिठासारखी बारीक पूड बसली होती. सुचिताला ते धोक्याचं वाटलं नाही. रंग गेला, एवढंच तिला दिसलं. तिने पदर खोचला, म्हाताऱ्याच्या पाया पडली आणि झाडू घेतला. ती झाडत होती तेव्हा शिवम कोपऱ्यातल्या ढिगाऱ्यात हात घालून बसला होता, तिने त्याला उचलून बाजूला ठेवलं. उडालेली पूड कवडशात बराच वेळ तरंगत होती. शेजारी मंजुळाबाईही झाडत होत्या. बाकीच्या चारी खोल्यांतून झाडण्याचा आवाज येत होता.

आठवडाभराने शिवम सारखा ओकू लागला. मग एका पहाटे त्याचे डोळे वर गेले, हातपाय ताठले आणि झटके येऊ लागले. ज्ञानेश्वरने दुकानाच्या मालकाची गाडी काढली. अकोल्यापर्यंत सुचिता शिवमच्या दातांमध्ये आपलं बोट धरून बसली. तसं करू नये, हे तिला नंतर नर्सने सांगितलं.

आकडा दुपटीहून वर गेला होता. डॉक्टरबाईंनी सगळं विचारून घेतलं. पॉलिश पेपर म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. "कोरडा घासला?"

"हो."

"पापुद्रा निदान तोंडात घालावा लागतो. पूड नुसत्या श्वासातून जाते. हाताला लागते, अन्नात पडते. हे काम ओलं करून करायचं असतं, माणसं बाहेर काढून, सामान झाकून." त्यांचा आवाज चढला होता, तो त्यांनी खाली आणला. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

कोण सांगणार? सुचिताने तो दिवस आठवून पाहिला. मॅडमनी काढा म्हटलं होतं. म्हाताऱ्याने काढला होता. ती स्वतः पाया पडली होती. यांत खोटं कुणीच वागलं नव्हतं.

शिशाला रक्तातून बाहेर ओढणारं औषध मुंबईहून यायला वेळ लागला. झटके थांबले. आकडा हळूहळू उतरू लागला. पण शिवमला आजारापूर्वी जे शब्द येत होते, पाणी, ताई, मामा, 'गाडी गेली', त्यातलं काही उरलं नव्हतं. तो पाहायचा. हाक मारली की कधी वळायचा, कधी नाही. "येईल का बोलणं परत?" ज्ञानेश्वरने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. रक्तातलं निघतं. डोक्यात जे नुकसान झालं, ते औषधाने निघत नाही."

महामाया मॅडम रजा टाकून दवाखान्यात आल्या. त्याच दिवशी तुळशीरामही आले होते, धोतराच्या सोग्यात चार मोसंब्या बांधून. दोघं व्हरांड्यात समोरासमोर आले.

"मॅडम, तुम्हीच सांगतलं ना, काढून टाका म्हणून," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तो खरंच विचारत होता. "मी सांगतलं तेच केलं."

"हो, काका. मीच सांगितलं." मॅडमनी म्हाताऱ्याला बाकावर बसवलं. मग त्या म्हणाल्या, "कसं काढायचं, ते मला माहीत नव्हतं. आणि जिथे ते लिहिलेलं असेल असं काही मला सापडलं नाही. आता खोल्या रिकाम्या करा. निदान ओल्या फडक्यानं पुसून होईपर्यंत."

"कोण्या कायद्यानं करू? भाडेकरू माह्यं ऐकत नाहीत. म्हणतात, बुढ्याले वेड लागलं. तुमी एक कागद देल्ला असता तं दाखवला असता त्यायले."

सुचिता काचेच्या दारातून त्या दोघांना पाहत होती. तिला दोघांवरही रागावता येईना. राग धरायला कुणीतरी हाती लागलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

शिवमला घेऊन ती वरवट बकालला राहायला गेली. अपेक्षाचं नाव तिथल्या शाळेत घातलं. तिचंही रक्त तपासलं. होतं थोडं, भावाइतकं नाही. सामान आणायला म्हणून सुचिता एकदाच जिनच्या खोल्यांकडे परतली. गाद्या तिने आणल्या नाहीत, जाळूही दिल्या नाहीत. ओल्या पोत्यात गुंडाळून पुरायला लावल्या. मग बादलीत पाणी आणि साबण घेऊन ती ओळीत एकेका दाराशी गेली. "झाडू नका मारू. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं फेकून द्या. लेकरायचे हात जेवायच्या आधी धुवा. रक्त तपासून घ्या." एका बाईने ऐकून घेतलं. एकीने दार लावलं.

मंजुळाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "तू तक्रार नसती केली तं ते साहेबीण आली नसती. ते आली नसती तं बुढ्यानं रंग घासला नसता. चाळीस वर्षं सुखानं चिकटून होता भिंतीले. तू उडवला."

"हो, मावशी," सुचिता म्हणाली.

"हो काय म्हणतं? भांड तरी."

"काय भांडू? खरं हाये तुमचं. पण चिकटून होता तेव्हाबी शिवम खातच होता." ती वाकून उंबरा पुसू लागली. मंजुळाबाईंनी पाय मागे घेतले, पण तिला थांबवलं नाही. नात आत पालथी पडून फरशीवर हात आपटत होती. सुचिताने तिचे दोन्ही तळवे ओल्या फडक्याने पुसले. फडकं जिथे लागलं तिथे हिरवट झालं. मंजुळाबाईंनी ते पाहिलं.

जानेवारीत शिवमच्या तपासणीचा दिवस होता. वरवट बकालच्या थांब्यावर सकाळची अकोल्याची गाडी आली. सुचिता चढली आणि शिवमला खिडकीपाशी बसवलं. तो काचेतून बाहेर पाहत होता, की नुसता काचेकडे, हे तिला आता ओळखता येत नसे. मागच्या बाकावर शालीत गुंडाळलेलं मूल घेऊन कुणीतरी बसलेलं होतं. गाडी सुटल्यावर मागून आवाज आला.

"किती रक्त घेतात व?"

सुचिता वळली. मंजुळाबाईंचे डोळे तिच्याकडे नव्हते, नातीच्या टोपऱ्याकडे होते.

"थोडंसंच घेतात, मावशी. छोट्या शिशीत."

"दुखते का?"

"सुई टोचते तेव्हा रडतात."

"आणि निघालं तं?"

सुचिताला उत्तर येत होतं. डॉक्टरबाईंनी तिला ते नीट समजावलेलं होतं, रक्तातलं काय निघतं आणि काय निघत नाही. तिने शिवमला मांडीवर घेतलं आणि आपल्या शेजारची जागा मोकळी केली.

"पुढं या, मावशी," ती म्हणाली. "मागं गचके लय बसतात."